कोण आहात ते सांगू नका

आयर्लंडमधल्या एनिस गावातल्या आमच्या घरमालकीणबाई घंटा वाजली तरी दार लगेच उघडत नसत. दाराकडे पाठ करून उभ्या राहायच्या, मान जराशी तिरकी करायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, "बोला." बाहेरच्या माणसानं काहीतरी बोलायचं, मग या आतून त्याचं नाव सांगणार आणि मगच कडी निघणार. दाराला चांगली मोठी काच होती. बाहेर कोण उभं आहे ते स्वच्छ दिसायचं. पण बघून ओळखणं त्यांना लबाडी वाटायची.

घर बघायला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा "बोला" ऐकून माझ्या नवऱ्यानं दाराबाहेरूनच आपलं नाव, गाव आणि शॅननमधली नोकरी सगळं एका दमात सांगितलं.

आतून आवाज आला, "नवा माणूस. भारतातला. आणि तुमच्या मागे कोणीतरी उभं आहे, ते बोलत नाहीये."

मागे मी होते. मी "हॅलो" म्हटलं.

"लाइन खराब आहे. पुन्हा बोला."

मी पुन्हा म्हटलं. दार उघडलं. पांढऱ्याशुभ्र केसांचा घट्ट अंबाडा, अंगात दोन स्वेटर, एकाची बटणं पुढे आणि दुसऱ्याची मागे. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "वरचा मजला देते. हिचा आवाज मात्र दुरुस्त करावा लागेल."

त्या गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. फोन उचलला की आधी एक बाई "नंबर प्लीज" म्हणायची आणि हातानं वायर खोचून तो नंबर जोडून द्यायची, तेव्हाची गोष्ट. ऐन विशीत त्या तिथं लागल्या आणि आपोआप नंबर लावणारं यंत्र आलं तेव्हा बाहेर पडल्या. तोवर सगळ्या पंचक्रोशीचे आवाज त्यांच्या कानावरून गेले होते. कोणाची म्हैस... म्हणजे तिकडे गाय, कोणाची गाय आजारी आहे, कोण कोणाशी अबोला धरून आहे, कुठला मुलगा इंग्लंडहून फोन करून आईला खोटं सांगतोय, सगळं त्यांना ठाऊक. "चोरून ऐकायला सक्त मनाई होती," त्या सांगत. "मी कधीच ऐकलं नाही. मला ऐकू यायचं, त्याला मी काय करणार?"

यंत्र आल्यानंतरच्या गावाबद्दल मात्र त्यांना फारसं काही माहीत नव्हतं आणि त्यात रसही नव्हता. एखाद्या चाळिशीच्या बाईचं नाव निघालं तर म्हणायच्या, "ती होय! तिचा बाप खोकायचा आधी आणि बोलायचा नंतर." तिचं लग्न झालं का, मुलं किती, ते ठाऊक नाही.

बोलणं संपवायची त्यांची रीत वेगळीच होती. निरोप नाही, "बरंय" नाही. आपल्याला हवं ते ऐकून झालं की म्हणायच्या, "संपलं?" आणि आपण "हो" म्हणेपर्यंत खोलीबाहेर. माझा नवरा याला "वायर काढली" म्हणायचा. एकदा चर्चचे फादर चहाला आले होते. त्यांची वायर त्यांच्या वाक्याच्या मधोमध काढली गेली आणि ते बिचारे कप हातात धरून माझ्याकडे बघत बसले. मी त्यांना बिस्किट दिलं.

मला तिथं नोकरी करायची परवानगी नव्हती. नवरा सकाळी शॅननच्या बसनं जायचा तो संध्याकाळी यायचा. मी इंग्रजी माध्यमात शिकलेली, इंग्रजी चांगलं वाचायची, लिहायची, पण दुकानात "आणखी काही हवं?" असं कोणी त्या भागातल्या सुरात विचारलं की मला ऐनवेळी शब्द सापडायचे नाहीत. मग मी नुसती हसायची. घरमालकीणबाईंना नुसतं हसणं चालत नसे. "हसू तारेतून जात नाही, पोरी. बोल."

आमच्या पहिल्या ऑक्टोबरच्या शेवटी त्या जिन्याखालून ओरडल्या, "खुर्चीवरच्या चादरी तेवढ्या हॉट प्रेसमध्ये टाक!" आणि कुठेतरी निघून गेल्या. खुर्चीवर जुन्या पांढऱ्या चादरी होत्या. प्रत्येकीला मधोमध दोन भोकं. मला प्रश्न पडला, पण विचारायला कोणी नव्हतं. प्रेस म्हणजे काय हे पुण्यात वाढलेल्या कोणालाही कळतं. आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या पाटीवरच तसं लिहिलं होतं. हॉट प्रेस म्हणजे इस्त्री चांगली गरम हवी. मी त्या चादरींवर पाणी शिंपडून कडक इस्त्री केली. भोकांच्या कडा फाटू नयेत म्हणून तिथं टोकानं अलगद. मग चौकोनी घड्या घालून थप्पी लावली.

त्या परत आल्या. थप्पीकडे बघत राहिल्या. मग वरची चादर उलगडली. तिच्यावर रेघेसारखी सरळ घडी पडली होती.

"तू भुतांना इस्त्री केलीस?"

तेव्हा मला कळलं की तिकडे प्रेस म्हणजे कपाट आणि हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट, कपडे उबदार राहावेत म्हणून. त्या हसता हसता पायरीवर बसल्या. नंतर कितीतरी दिवस रस्त्यात भेटेल त्याला त्या माझी ओळख अशी करून देत: "ही वरच्या मजल्यावरची. भुतांना इस्त्री करते." त्यामुळे मला बरीच माणसं ओळखू लागली, हे खरं.

त्या चादरी कशासाठी, ते महिन्याच्या शेवटच्या दिवशी, मुलं सोंगं घेऊन दारोदार फिरतात त्या हॅलोवीनच्या संध्याकाळी समजलं. आमच्या गल्लीत मुलं आली. परीचा झगा, सिनेमातल्या वीराचा घट्ट पोशाख, सगळं दुकानातलं, हातात भोपळ्याच्या आकाराच्या प्लास्टिकच्या बादल्या. घंटा वाजली, बाई दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "बोला."

"ट्रिक ऑर ट्रीट!" म्हणजे खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू.

"राँग नंबर," बाई म्हणाल्या.

बाहेर खुसखुस. मग एक मुलगी म्हणाली, "आज शाळेत आमच्या बाईंना शिंक आली आणि त्यांचा चष्मा उडाला."

"हां! तू चर्चच्या मागच्या घरातली. तुझी आजी असंच नाकात बोलायची. ये आत." दार उघडलं. ज्यांचा चेहरा उघडा होता त्या प्रत्येकाच्या डोक्यावरून बाईंनी चादर घातली. "चेहरा दाखवून फिरायचं तर आजचीच रात्र कशाला हवी? पुढच्या वेळी नीट लपून या."

त्यांच्या लहानपणी हॅलोवीन म्हणजे हाच खेळ होता, असं त्या सांगत. तोंडाला काजळी फासायची, बापाचा कोट उलटा घालायचा, मुलांनी आईचा स्कर्ट, मुलींनी भावाची विजार, डोक्यावरून जुना पडदा. शेजाऱ्यांच्या दारात जायचं आणि आवाज बदलून बोलायचं किंवा नुसतं घुमायचं. घरातल्यांनी ओळखायचं, हे कोणाचं पोर. ओळखलं की पडदा वर, मग गाणं किंवा नाच, मग सफरचंद आणि भुईमुगाच्या शेंगा. कंदील भोपळ्याचा नव्हे, सलगमचा. तो कोरताना घरातले चमचे वाकायचे. "आता सगळी पोरं टीव्हीतल्या एकाच पोराच्या आवाजात ते तीन शब्द म्हणतात आणि बादली पुढे करतात," त्या म्हणायच्या. "मी काय ओळखू? टीव्हीचा कारखाना?"

आयर्लंडमध्ये पैसा खेळत होता त्या वर्षांत तर म्हणे आईबाप मुलांना गाडीत घालून गावाबाहेरच्या नव्या वसाहतींत न्यायचे, कारण तिथं चॉकलेटं मोठी मिळत. कोणी अंगणात मुलांना उड्या मारायला हवेनं फुगवलेला राजवाडा आणायचा. आमच्या जुन्या गल्लीकडे कोण फिरकणार? मी गेले तेव्हा ते सगळं ओसरायला लागलं होतं. पुढच्या वर्षी दुकानातले पोशाख कमी झाले आणि काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांना भोकं पाडून केलेल्या चेटकिणी आल्या. देशभर लोक मंदीच्या नावानं बोटं मोडत होते. आमच्या बाई एकट्या खूश होत्या. "बघ! कचऱ्याची पिशवी परत आली! आता या देशाचं भलं होईल." गावाबाहेर एक अर्धवट बांधून सोडलेली वसाहत होती, तिला सगळे भुतांची वसाहत म्हणायचे. बाई दरवर्षी न चुकता म्हणत, "एवढी भुतं राहतात तिथं, पण एकही माझ्या दारी येत नाही."

मुलं मात्र यायला लागली. ओळखून घ्यायला मिळतं असं ते एकच घर होतं, ही बातमी शाळेत पसरली असावी. मुलं महिनाभर आवाज बदलायचा सराव करत. एकदा एक मुलगा केवळ बेडकासारखा ओरडला आणि बाईंनी त्याला त्याच्या काकावरून ओळखलं.

याच काळात माझ्या आवाजाची दुरुस्ती झाली. "लाइन खराब आहे" दिवसातून इतक्यांदा ऐकावं लागे की मी नकळत पोटातून बोलू लागले. दुकानात, बसमध्ये, फादरांशी. एका रविवारी आई फोनवर म्हणाली, "अगं, ओरडतेस काय? मी पुण्यात आहे, बहिरी नाही झाले!" नवरा म्हणाला, "आई, हिला आता सगळं गाव घाबरतं." मला आतून बरं वाटलं. मी ते कोणाला सांगितलं नाही.

चौथ्या हॅलोवीनला काहीतरी बिनसलं. बाईंनी पहिल्याच मुलीला चुकीच्या घराचं नाव दिलं. मुलांना वाटलं, मुद्दाम. दुसऱ्यांदा चुकल्या. तिसऱ्या मुलाला त्यांनी तीनतीनदा बोलायला लावलं आणि शेवटी "तू त्या सुताराचा" असं ठोकून दिलं. "सुतार कोण?" मुलगा म्हणाला आणि मागची मुलं फिदीफिदी हसली. बाईंनी सगळ्यांना शेंगा दिल्या, दार लावलं आणि मला म्हणाल्या, "रबरी मुखवटे. त्यातून आवाज फुटत नाही." मुलांनी त्या दिवशी रबरी मुखवटे घातले नव्हते.

पुढच्या ऑक्टोबरात मला घरची फार आठवण येत होती, म्हणून मी त्यांना भोंडल्याबद्दल सांगितलं. आमच्याकडे याच दिवसांत मुली पाटावर हत्ती काढतात, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात, आणि मग खिरापत, म्हणजे खाऊचा झाकलेला डबा. डबा हलवायचा, वाजवायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय खायला मिळत नाही.

बाईंचे डोळे चमकले. "म्हणजे तुम्ही खाऊ ओळखता, आम्ही माणूस. आण डबा!"

आईनं भाजणी पाठवली होती. दिवाळी जवळ आली होती आणि मी नुकत्याच चकल्या केल्या होत्या. मी पत्र्याचा डबा भरून आणला. त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, मान तिरकी केली. मी डबा त्यांच्या कानाशी धरून हलवला. चकल्या खडखडल्या. पत्र्याच्या डब्यात चकल्या केवढा आवाज करतात!

त्या वाट बघत होत्या. मी पुन्हा हलवला, जोरात.

"रिकामा आहे," त्या म्हणाल्या. "मला फसवतेस होय?"

मी डबा खाली ठेवला. इतकी वर्षं "लाइन खराब आहे" हे मी माझ्या आवाजाबद्दल समजत होते. सुरुवातीला ते खरंही असेल. त्या वळल्या, आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना कळलं की मला कळलंय. "संपलं?" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणघरात त्यांनी जाहीर केलं, "यंदा दाराचा दिवा लावायचा नाही." तिकडे दिवा बंद म्हणजे मुलांनी त्या दारी यायचं नाही. "पोरांत आता राम राहिला नाही" अशा अर्थाचं काहीतरी त्या बोलल्या. मला ते खोटं आहे हे माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना. मी रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, त्यांचं दार, त्यांचा दिवा. तू मध्ये पडू नकोस." ते बरोबर होतं. पण एकदा तो दिवा बंद राहिला असता तर पुन्हा लागला नसता. आवाज ओळखणारी बाई ही त्यांची गावातली जागा होती. त्यानंतर त्या नुसत्या एक म्हाताऱ्या बाई उरल्या असत्या, आणि तसं राहणं त्यांना जमलं नसतं.

मी एवढंच केलं: हॅलोवीनच्या दुपारी चकल्यांचा डबा घट्ट झाकून दाराजवळच्या मेजावर ठेवला आणि म्हणाले, अर्थात मोठ्यानं, "यंदा मुलांनाच ओळखू दे. तुम्ही फक्त 'नाही' म्हणायचं."

काळोख पडू लागला तेव्हा मी वरून बघितलं, दाराचा दिवा लागला होता.

मुलं आली. बाई डबा घेऊन उंबऱ्यात उभ्या. "आधी हा वाजवा आणि सांगा काय आहे!"

"खिळे!"

"नाही!"

"हाडं!"

"नाही!"

"आजीची कवळी!"

"नाही, पण छान!"

'नाही' म्हणण्यात त्यांना अपार आनंद होत होता. एक मुलगी हळूच "बिस्किटं?" म्हणाली, तरी त्या "नाही!" म्हणाल्या, आणि तसं ते बरोबरच होतं. शेवटी झाकण उघडलं. मुलांनी चकली हातात धरून उलटसुलट पाहिली. "काटेरी तार," एकानं निकाल दिला आणि खाऊन आणखी मागितली. मला वाटलं, निभावलं.

पण मुलं जाईनात. बेडकासारखा ओरडलेला मुलगा आता उंच झाला होता. तो म्हणाला, "आता तुम्ही आम्हाला ओळखा ना."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच करू शकत नव्हते.

"थांबा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मला वाटलं, वायर काढली. मुलं पायरीवर चुळबुळ करत होती. मग त्या आल्या. अंबाड्याचे कानाजवळचे केस मागे सारले होते आणि उजव्या कानात एक छोटंसं बदामी यंत्र होतं. असं काही त्यांच्याजवळ आहे हे मला ठाऊकच नव्हतं. "माझ्या मुलीनं हे पाठवून किती दिवस झाले," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"बरं दिसतंय," मी म्हटलं.

त्या दचकून मागे सरकल्या. "देवा! तू नेहमी अशी किंचाळतेस?"

मग त्यांनी दाराकडे पाठ केली. "नवी लाइन आहे. एकेकानं बोला, हळू."

पहिली ओळखली. दुसरा चुकला, तेव्हा त्याच म्हणाल्या, "नाही, नाही, पुन्हा बोल," आणि मग बरोबर ओळखला. बेडकाला तर श्वासावरून ओळखलं. सगळ्यात शेवटी कचऱ्याच्या पिशवीतली एक छोटी चेटकीण राहिली, मुखवटा पार हनुवटीपर्यंत. ती म्हणाली, "माझ्या आजोबांच्या कुत्र्याला भोपळा आवडतो."

बाईंनी मान तिरकी केली. पुन्हा बोलायला लावलं. मग हळूच म्हणाल्या, "तुला मी ओळखत नाही."

चेटकीण आनंदानं उडी मारून ओरडली, "ओळखलं नाहीत, मग आता ट्रिक तुम्ही करायची!" बाकीची मुलंही ओरडू लागली, "ट्रिक! ट्रिक!"

बाई पाठमोऱ्याच उभ्या होत्या. त्यांनी उजवा हात वर उचलला, हवेत कुठेतरी काहीतरी खोचलं आणि म्हणाल्या, "नंबर प्लीज?... थांबा हं, जोडते."

तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. विशीतल्या मुलीचा, धुतल्यासारखा स्वच्छ, जराही घाई नसलेला.

फाटकाशी चेटकिणीला घेऊन आलेले टोपीवाले आजोबा उभे होते. बाहेरच्या कुठल्याशा शेतावरचे, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली. "एक्स्चेंज!" ते म्हणाले. "अहो, ही तर एक्स्चेंज! बाई, तुम्ही एकदा माझ्या फोनच्या मध्येच बोलला होतात. मी लिमरिकच्या एका नर्सला फोन लावला होता. हवामान झालं, गाई झाल्या, रस्त्याचं काम झालं, आणि तुम्ही म्हणालात, 'अरे बाबा, आता विचार की तिला, लोक खोळंबलेत!'"

बाई वळल्या नाहीत. मान तेवढी आणखी तिरकी झाली. "मग विचारलंस?"

"तिथल्या तिथं."

"हं." त्या आता वळल्या आणि चेटकिणीपुढे वाकल्या. "म्हणजे तू त्या नर्सची नात. मुखवटा काढ."

चेटकिणीनं मुखवटा उपसला आणि पाय आपटला. "ही चीटिंग आहे! आजोबांनी सांगून टाकलं!"

"त्यांनी सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. "मी ऐकलं."